‘लाइफलॉगिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मालवणहून प्रश्न
गणपतीला भाचा आला तो शर्टाला काडेपेटीएवढा कॅमेरा अडकवूनच. दर तीस सेकंदांनी त्या डबीतून आपोआप एक फोटो निघतो. जागेपणीचे सोळा तास धरले तरी दिवसाला १९२० फोटो! आरती, मोदकांचं सारण, ओटीवर घोरणारी मावशी, काही सुटलं नाही. आयुष्याची अशी सगळी नोंद आपोआप ठेवत राहणं म्हणजे लाइफलॉगिंग. ही हौस तशी जुनी. मायक्रोसॉफ्टमधल्या गॉर्डन बेल यांनी २०००च्या सुमारास आपली पत्रं, फोटो, फोनवरची बोलणी असं आयुष्यभराचं सगळं संगणकात भरायला घेतलं होतं. ‘मायलाइफबिट्स’ हा तो प्रकल्प. आता फोनच पावलं, झोप, ठावठिकाणा मोजत असतो.

मी सहज म्हटलं, ‘हा सगळे क्षण टिपतोय.’ शेजारचे आबा जन्मभर मासेमारी केलेले. ते म्हणाले, ‘ह्येका टिपणा म्हणनत नाय. ही रापण!’ रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. नेमका शब्द कोणता?

रत्नागिरीहून
रोजनिशी आहे की. नवा शब्द कशाला पाडायचा?

मालवण
रोजनिशीच पहिल्यांदा सुचली होती, पण तिच्यात ‘नवीस’ दडलाय. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. फडणवीस, चिटणीस, पारसनीस ही सगळी त्याचीच पिलावळ. पेशव्यांच्या रोजनिशीत काय नोंदायचं नि काय सोडायचं, ते कोणीतरी माणूस ठरवत होता. भाच्याच्या डबीत कारकून कुठाय?

रत्नागिरी
मग रोजनामा? मी कोर्टात नोकरी केली. तारखेला कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कोणती, एवढंच त्यात असायचं. साक्षीदार जांभया देत होता हे कोणी लिहीत नसे. म्हणजे तोही बाद! स्वतःच स्वतःला खोडलं.

हर्णैहून
मूळ इंग्रजी शब्दही बघा. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजावरून दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचे. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत दोरीवरच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचे, तो जहाजाचा वेग. म्हणून वेगाला अजून ‘नॉट’ म्हणतात, नॉट म्हणजे गाठ. हे आकडे ज्या वहीत चढवत, ती लॉगबुक. तेव्हा ‘जीवननोंद’ चालेल का?

मालवण
अर्थाला चोख, पण सरकारी फॉर्मावरच्या रकान्यासारखा वाटतो. भाच्याला म्हटलं तर तो आधार कार्ड काढून दाखवेल.

आबांचं म्हणणं मला जास्त पटतं. ‘टिपणे’ हा निवडीचा शब्द. चिमणी दाणे टिपते म्हणजे खडे सोडून दाणे घेते. बंदूकवाला सावज टिपतो, तेही एकच. अपवाद टीपकागदाचा, तो मात्र सांडलेली सगळी शाई पितो! रापणीचं तंत्र उलटं. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि माणसांनी मिळून ओढायची. बांगडा येतो, पेडवे येतात, शेवाळ येतं, हल्ली प्लास्टिकही येतं. मग वाळूवर बसून निवडायचं आणि वाटे घालायचे. एकेक मासा धरायचा तर गरी टाकून गरवावं लागतं.

हर्णै
पण घाटावरच्याला रापण कळेल? उन्हात ‘रापणं’ तेवढं त्याला ठाऊक.

मालवण
नाही कळणार, कबूल. अख्ख्या महाराष्ट्रासाठी ‘जीवननोंद’ ठेवा, नाहीतर सरळ लाइफलॉगिंग म्हणा. आमच्या घरात मात्र भाच्याचं नाव ‘रापणकर’ पडलंय. पाच दिवसांचे साडेनऊ हजारांवर फोटो घेऊन गेला. मावशीचा हसतानाचा एक मागितला होता. ‘मामा, शोधतोय,’ म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.