सगळ्यांसमोर चूक दाखवली म्हणून आवाज चढवला, आता कसं सावरू?

शिरोलीकर
शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे भरायच्या कामावर) चार महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो. हाताखाली १८ जण, निम्मे माझ्यापेक्षा वयानं मोठे. परवा सेकंड शिफ्टला आमचे एक मामा, २२ वर्षं मोल्डिंगवर, सगळ्यांसमोर म्हणाले, "सायेब, वाळू वली हाय. मघाशीच सांगितलं हुतं न्हवं." माझ्या खिशात लॅबचा सकाळचा कागद होता, वाळूत मॉइश्चर, म्हणजे ओलावा, साडेतीन टक्के, म्हणजे ठीक. मी ओरडलो, "रिपोर्ट मी बघतो, तुम्ही बॉक्स भरा." मामांनी मान खाली घातली.

काल शॉट ब्लास्टिंगनं नग साफ केल्यावर ४१ नगांवर ब्लो होल, म्हणजे भोकं, निघाली. वाळूच्या मिक्सरचा पाण्याचा वॉल्व्ह परवा दुपारपासूनच गळत होता. मालक बोलले, ते सोसलं. पण आज अख्ख्या शिफ्टमध्ये मला कुणी एक शब्द सांगितला नाही, त्यानं जीव खाल्लाय. मित्र म्हणतो, माफी मागितलीस तर धाक जाईल.

जुना फोरमन
भावा, ओरडलास फ्लोअरवर, तर माफीपण फ्लोअरवरच माग. केबिनमध्ये बोलावून नको. आणि सकाळच्या कागदावर संध्याकाळची वाळू चालवू नकोस. चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओल्या वाळूत पडलं की पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडली नाही की भोकं. हे मामांचा तळहात लॅबच्या आधी सांगतो. मुठीत दाबलेलं ढेकूळ मोडल्यावर कडा स्वच्छ हव्यात, वाळू हाताला चिकटली तर पाणी जास्त.

गटाची ताई, कागल
मी बचत गट चालवते. आमच्यातली एकजण दर बैठकीत हिशेबावर बोट ठेवते. आधी मला राग यायचा. आता वही तिच्याच हातात देते, "दाखव कुठं" म्हणते. दोनदा तिचं खरं निघालं, एकदा नाही. तेही तिला तोंडावर सांगितलं. प्रत्येक बोलणं मान्य करायची गरज नाही, पण तपासायच्या आधी तोंड बंद करू नका.

शिरोलीकर
आज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर बोललो, "मामा, परवा तुमचं बरोबर होतं, मी ऐकलं नाही, चुकलो." मामा काहीच बोलले नाहीत. मिक्सरजवळ जाऊन मूठभर वाळू दाबली, मोडली, माझ्या हातावर ठेवली. "आज बरी हाय." वॉल्व्ह बदलून झालाय. दुसरं रीडिंग आता चार वाजता घ्यायचं ठरलंय, लॅबचा पोरगा आणि मामा दोघांनी मिळून.