लस चालू आहे, मग जखमेत वेगळं इंजेक्शन कशाला?

कुत्रा चावल्यावर लस चालू केली, तरी डॉक्टर जखमेत आणखी एक महागडं इंजेक्शन सांगतायत, ते खरंच लागतं का, असं एकांनी विचारलंय. कातडी फाटून रक्त आलं असेल आणि आधी कधी रेबीजची लस घेतली नसेल तर लागतंच. कृपा करून टाळू नका.

लस घेतल्यावर शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, बनवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूत शिरला तर हाताबाहेर जातं. म्हणून तयार अँटीबॉडी जखमेतच, कडेकडेने आणि खोलवर टोचतात. बोटाच्या टोकाला फार दुखतं, तरी पूर्ण टोचून घ्या.

या अँटीबॉडी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढतात. घोड्याच्या असल्या की ॲलर्जीची धास्ती, माणसाच्या महाग आणि सहसा मिळत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर आणलेली रॅबिशील्ड मात्र प्रयोगशाळेतल्या पेशींकडून बनवून घेतलेली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच प्रकारची, अँटीबॉडी आहे. मात्रा बघा: घोड्याची वजनाच्या किलोमागे ४० युनिट, माणसाची २०, हिची ३.३३! इतक्या मोलाच्या कामाची आपल्याकडे चर्चाच होत नाही, याचं वाईट वाटतं. एकच अँटीबॉडी विषाणूच्या एकाच जागी चिकटते, ती जागा बदलली तर काय, ही शंका रास्त आहे. झायडस कंपनीच्या ट्विनरॅब या इंजेक्शनमध्ये म्हणूनच दोन आहेत.

जखमेतलं हे इंजेक्शन पहिल्या दिवशी राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत देता येतं. पण सगळ्यात आधी, घरीच, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका.