सीएमव्ही आईच्या अंगात आयुष्यभर, तरी ती ठणठणीत कशी?

नवी_पालवी

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट ठरलंय, आई किडनी देणारे. दोघांच्या ढीगभर टेस्ट झाल्या, त्यात सीएमव्ही आयजीजी नावाची एक होती (सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, आयजीजी म्हणजे त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी), आई पॉझिटिव्ह आली आणि भाऊ निगेटिव्ह. मला वाटलं चला, तो निगेटिव्ह म्हणजे बरंच झालं की, तर डॉक्टर म्हणाले हेच कॉम्बिनेशन सगळ्यात रिस्की, ऑपरेशननंतर सहा महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर हे व्हायरसविरोधी औषध घ्यावं लागेल.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. आई साठीची आहे, तिला या व्हायरसचा कधी काही त्रास झाल्याचं कुणाला आठवत नाही. मग तो तिच्यात नेमका आहे कुठे, आणि तिची इम्युनिटी त्याला एकदाचा मारून का टाकत नाही? आणि मारता येत नसेल तर ती आजारी का पडत नाही? शिवाय तिच्याकडे अँटीबॉडी आहेत ना, मग किडनीतून व्हायरस जाईलच कसा? औषधपाण्याचं डॉक्टर बघतायत, मला फक्त आत काय चालतं ते समजून घ्यायचंय. बायो बारावीपर्यंतच होतं, तेवढ्या बेताने सांगा.

खुशालचेंडू

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी होऊन गेलं, इम्युनिटी आली, विषय संपला. कांजिण्यांसारखं. उगाच टेन्शन घेऊ नका ताई.

पेशीवेडी

@खुशालचेंडू, अहो कांजिण्या तरी कुठे संपतात? तो व्हायरस नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन वर येतो. सीएमव्ही त्याच हर्पीस खानदानातला, एकदा घुसला की जन्माचा पाहुणा. आयजीजी पॉझिटिव्हचा खरा अर्थ "होऊन गेला" असा नाही, "आत आहे" असा घ्यायचा.

ताई, कुठे आहे ते सांगते. मुख्य अड्डा बोन मॅरोमधल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यात व्हायरसचा डीएनए नुसता पडून असतो, जवळपास सगळी जीन्स बंद. प्रोटीन बनत नाही म्हणून इम्युनिटीला दिसायलाच काही नसतं, म्हणून मारता येत नाही. पण मोनोसाइट रक्तातून टिश्यूत शिरून मॅक्रोफेज (जंतू गिळणारी) किंवा डेन्ड्रायटिक (टी पेशींना जंतूचे तुकडे दाखवणारी) पेशी बनला की व्हायरसला जाग येऊ शकते, आणि आसपास सूज असेल तर आणखीच. जाग आल्यावर आधी आयई१ वगैरे सुरुवातीची प्रोटीनं बनतात, त्यांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर लागतात आणि फिरत्या टी पेशी (पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी) नवा व्हायरस तयार होऊन बाहेर पडायच्या आत ती पेशीच संपवतात. आईच्या अंगात हे वर्षानुवर्षं चालू असणार, तिला पत्ताही नाही.

आणि हा पहारा स्वस्तातला नाही बरं. २००५ साली निरोगी पॉझिटिव्ह लोकांच्या रक्तात मोजलं होतं, तेव्हा मेमरी टी पेशींपैकी (जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या) सरासरी १० टक्क्यांच्या आसपास एकट्या सीएमव्हीसाठी राखून ठेवलेल्या निघाल्या, सीडी४ (मदतनीस) मध्येही आणि सीडी८ (मारेकरी) मध्येही. एका व्हायरससाठी एवढी फौज! फ्लूसारखं इन्फेक्शन गेलं की त्याच्या टी पेशी ओसरतात, इथे उलट काही काही गट वाढतच जातात, याला मेमरी इन्फ्लेशन म्हणतात. व्हायरस अधूनमधून डोकं वर काढतो म्हणून ही फौज कायम जागी राहते असं धरतात. माझ्या मते सीएमव्हीबद्दल सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच, बाकीची पुस्तकं उगाच मोठ्या फुगलेल्या पेशींचे फोटो दाखवत बसतात.

अँटीबॉडीचं म्हणाल तर त्या पेशीबाहेर मोकळ्या फिरणाऱ्या व्हायरसला पकडतात, त्याच्या जीबी नावाच्या प्रोटीनला किंवा पेशीत शिरायला तो जे पाच प्रोटीनांचं कडबोळं वापरतो त्याला चिकटून. पेशीच्या आत झोपलेल्याला त्या काय करणार? शिवाय हा एका पेशीतून शेजारच्या पेशीत थेट सरकतो. म्हणून अँटीबॉडी असूनही दुसऱ्या स्ट्रेनचं इन्फेक्शन परत होऊ शकतं.

एमएस्सी_चालू

मस्त प्रतिसाद. पण एक अडतंय. आम्हाला शिकवलं की सीएमव्ही पेशीवरचं एमएचसी क्लास वनच (आतल्या प्रोटीनांचे तुकडे बाहेर दाखवणारं प्रोटीन) गायब करतो. मग सीडी८ ला दिसणार काय कपाळ? आणि एमएचसी नाही म्हटल्यावर एनके पेशींनी (एमएचसी नसलेल्या पेशी मारणाऱ्या) तरी मारायला पाहिजे. दोन्हीकडून वाचतो तर कंट्रोल होतो कसा, आणि वाचत नाही तर टिकतो कसा?

पेशीवेडी

हां, हा खरा प्रश्न. जरा लांबण लागेल.

एमएचसी काढायला त्याने एक नाही चार जीन्स लावलीत. यूएस२ आणि यूएस११ नवं एमएचसी ईआरमधून (पेशीतला प्रोटीन बनायचा कारखाना) ओढून बाहेर काढतात आणि प्रोटिअसोमकडून त्याचा चुरा करून घेतात, यूएस३ त्याला ईआरमध्येच अडकवून ठेवतं, आणि यूएस६ टॅप हा पेप्टाइड आत आणणारा पंपच बंद पाडतं. पेशीचा पृष्ठभाग उघडा पडला की एनके पेशीला संशय यायलाच हवा. तर त्यावरही तोडगा. यूएल१८ हे दिसायला एमएचसीसारखं पण बनावट प्रोटीन, ते एनके आणि इतर पेशींवरच्या एलआयआर-१ या ब्रेकला दाबतं. यूएल४० स्वतःचा एक छोटा तुकडा एचएलए-ई या एमएचसीच्याच भावंडावर ठेवतं आणि एनके वरच्या एनकेजी२ए या ब्रेकवाल्या रिसेप्टरला "सगळं ठीक आहे" असा निरोप जातो. यूएल१६ धोक्याची खूण असलेली मायक-बी वगैरे प्रोटीनं आतच दडवतं, वर त्याच मायक-बी वर व्हायरसचा एक मायक्रोआरएनएसुद्धा (प्रोटीन बनू न देणारा छोटा आरएनए) सोडलेला.

आता शरीराची चाल बघ. त्याच एचएलए-ई ला ओळखणारा दुसरा रिसेप्टर आहे एनकेजी२सी, आणि हा ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर आहे. सीएमव्ही झालेल्या बऱ्याच लोकांत हे एनकेजी२सी वाल्या एनके पेशींचे गट फुगतात आणि पुढे टिकून राहतात, जणू एनकेला पण मेमरी आली. म्हणजे व्हायरसने टाकलेला तुकडाच त्याच्या अंगाशी येतो.

सीडी८ चं म्हणशील तर मला पटणारी तीन कारणं. एक, टी पेशींना पहिलं शिक्षण देणारी डेन्ड्रायटिक पेशी स्वतः इन्फेक्टेड असायलाच हवी असं नाही, ती मेलेल्या पेशींचा माल उचलून दाखवू शकते, तिथे यूएस२ चं काही चालत नाही. दोन, झाकपाक शंभर टक्के होत नाही, आणि आजूबाजूच्या टी आणि एनके पेशींनी इंटरफेरॉन गॅमा हा इशारा देणारा रेणू सोडला की एमएचसी परत वाढतं. तीन, वेळ. आयई१ सगळ्यात आधी बनतं, यूएस२ आणि यूएस११ जरा मागून येतात, त्या मधल्या फटीत पकडता येतं.

मग ही चार जीन्स ठेवलीतच कशाला? याचं झकास उत्तर २०१० मध्ये माकडांवर मिळालं. ऱ्हीसस माकडांच्या सीएमव्हीमधून ही जीन्स काढली तरी कधीच इन्फेक्शन न झालेल्या माकडात तो आरामात घुसला आणि टिकलाही. पण आधीच सीएमव्ही असलेल्या माकडात शिरता येईना, सीडी८ पेशी काढून टाकल्यावर मात्र शिरला. म्हणजे ही सगळी झाकपाक तयार फौज असलेल्या घरात दुसऱ्यांदा घुसण्यासाठी.

अवांतर: उंदरांवर १९९८ चं एक काम आहे, लेटंट (झोपलेलं) इन्फेक्शन असलेल्या उंदरांत पेशींची एकच जात काढली तर फारसं बिघडत नव्हतं, सीडी८, एनके, सीडी४ अशा एकीपाठोपाठ एक काढत गेलं की व्हायरस जास्त जास्त वर यायचा. आणि १९८९ साली एनके पेशी जवळपास नसलेल्या एका मुलीची केस आली होती, तिला कांजिण्या, सीएमव्ही, हर्पीस सिम्प्लेक्स एकामागून एक फार जोरात झाले.

रात्रपाळी

रेसिडेंट आहे, ट्रान्सप्लांट वॉर्डात काम केलंय. वरचं इम्युनॉलॉजी भारी आहे, मी भावाकडे वळतो.

किडनीबरोबर व्हायरस झोपलेल्या पेशी येतात. आईचा पहारा येत नाही, तो आईकडेच राहतो. भावाच्या शरीराने हा व्हायरस कधी बघितलेला नाही, म्हणजे मेमरी टी पेशी शून्य, आणि नेमकं त्याच वेळी किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट चालू, कधी सुरुवातीला एटीजी पण, यांचं कामच टी पेशी दाबायचं. म्हणून डोनर पॉझिटिव्ह रेसिपियंट निगेटिव्ह ही जोडी वाईट. गंमत म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये बरोबर उलटं, तिथे पेशंट पॉझिटिव्ह आणि डोनर निगेटिव्ह ही वाईट जोडी, कारण व्हायरस पेशंटच्या अंगात आणि नवी इम्युनिटी येते डोनरची, जिला हा माहीतच नाही. हे दोन शेजारी ठेवून बघितलं की सगळा खेळ मेमरीचा आहे ते दिसतं.

सीडी४ ला पण कमी लेखू नका. १९९० च्या दशकात बोन मॅरो पेशंटना डोनरच्या सीडी८ पेशी लॅबमध्ये वाढवून दिल्या होत्या, छान टिकल्या, पण ज्यांच्यात सीएमव्हीच्या सीडी४ पेशी परत आल्या नव्हत्या त्यांच्यात हळूहळू ओसरल्या. एड्समध्येही सीडी४ ५० च्या खाली गेले की डोळ्याच्या पडद्यावर सीएमव्ही येण्याची भीती असते.

व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरबद्दल एवढंच, ते व्हायरसच्या कॉपी काढणं थांबवतं, झोपलेल्याला हात लावत नाही. म्हणून कोर्स संपल्यानंतरचे काही महिने जास्त डोळ्यात तेल घालून बघायचे, उशिरा येणारा सीएमव्ही तेव्हाच गाठतो. ताप, जुलाब, खूप थकवा, पांढऱ्या पेशी कमी, यातलं काहीही झालं तर वाट न बघता टीमला फोन. पांढऱ्या पेशी या गोळीनेही कमी होतात, त्यामुळे रक्त तपासणी चुकवू नका आणि स्वतःच्या मनाने डोस कमी करू नका.

नवी_पालवी

किती छान सांगितलंत सगळ्यांनी. "आईचा पहारा आईकडेच राहतो" हे वाचून एकदम उलगडलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते म्हणजे मी त्याला रोग देणार. तिला काय सांगू? आणि माझी मुलगी दोन वर्षांची आहे, सारखी मामाच्या अंगाखांद्यावर, तिच्यापासून काही?

रात्रपाळी

आईंना सांगा जगातले बहुसंख्य मोठे लोक पॉझिटिव्ह आहेत, निगेटिव्ह डोनर शोधत बसण्यात डायलिसिसवर महिने जातील, त्यापेक्षा माहीत असलेला आणि गोळी असलेला धोका परवडला. पॉझिटिव्ह डोनरच्या किडन्या रोज बसवल्या जातात.

मुलीचं, हो, लहान मुलांना हा होतो आणि मग लाळेतून, लघवीतून महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो, मूल मात्र खेळतं असतं. मामाने तिचा डायपर बदलायचा नाही, उष्टा चमचा किंवा ग्लास नाही, तोंडावर पापी नाही, हात साबणाने. मांडीवर बसू दे की. फक्त पुढच्या व्हिजिटला तिचे लसीकरणाचे पेपर घेऊन जा, पहिल्या काही महिन्यांत घरातल्या मुलाला कुठली लस चालेल ते टीम सांगेल.