मदत हवी आहे: न्हावा शेवा ते जिबूती, पुढे मोजो (इथिओपिया)

पाण्याच्या पंपांचे सुटे भाग, २० फुटी एक कंटेनर, अंदाजे १४ टन. खरेदीदार अदिस अबाबाचा, पेमेंट एलसीवर (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर). इथिओपियाला समुद्रकिनारा नाही (१९९३ साली एरिट्रिया वेगळा झाला तेव्हापासून), त्यामुळे माल जिबूतीच्या दोरालेह टर्मिनलवर उतरतो आणि तिथून रस्त्याने किंवा २०१८ पासून चालू असलेल्या विजेच्या रेल्वेने वर जातो.

दोन फॉरवर्डरांकडून (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्यांकडून) दर घेतले. एकाचा दर जिबूतीपर्यंतच, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) 'इथिओपियाला ट्रान्झिट' असा शेरा मारून. दुसरा मल्टिमोडल (जहाज आणि जमिनीवरची वाहतूक मिळून), मोजोच्या ड्राय पोर्टपर्यंत (देशाच्या आतल्या कंटेनर डेपोपर्यंत) एकच बिल. पहिला स्वस्त दिसतो, पण रिकामा कंटेनर ७००-८०० किलोमीटरवरून परत आणायचा असल्याने लाइन (जहाज कंपनी) कंटेनरचं डिपॉझिट मागते. खरी मेख तिथेच आहे.

लाल समुद्रातला धोका आणि विमा यांची चौकशी झाली आहे. ते सोडून सांगा. जिबूतीत माल विकायचा नाही, कंटेनरही तिथे रिकामा करायचा नाही. कंटेनर लाइनचाच राहील. शिपर-ओन्ड (माझ्याच मालकीचा) परवडत नाही.

सीएफआर जिबूती सौद्यात (जिबूतीपर्यंतचं जहाजभाडं विक्रेत्याकडे) हे डिपॉझिट आणि फ्री डेजनंतरचं डिटेन्शन (मोफत दिवस संपल्यावर कंटेनर ठेवल्याचा आकार) खरेदीदारावर टाकायचं, तर एलसी आणि बिल ऑफ लेडिंगमध्ये नेमके कोणते शब्द घालून घ्यावेत?