चावी फिरवली की सुरू, सोडली की बंद: जुन्या ८०० चा इग्निशन स्विच कसा तपासायचा? नाशिकमध्ये वायरमन सुचवा

इंदिरानगरची_८००
नमस्कार मंडळी. वडिलांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. ते आता चालवत नाहीत, मीच रोज इंदिरानगर ते सातपूर नेते. महिनाभरापासून हिचं नवीन नाटक सुरू झालंय. सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, आणि चावीवरचा हात सोडला की त्याच क्षणी बंद. पाच-सहा वेळा मारलं की एकदा टिकते, मग दिवसभर शहाण्यासारखी चालते. परवा मात्र मुंबई नाक्याच्या सर्कलला चालत्या गाडीत सगळंच गेलं. मीटरमधले दिवे, वायपर, इंजिन, सगळं. दोन सेकंदांनी आपोआप परत आलं. मागे बस होती, पुढचं समजून घ्या.

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). सहा-साडेसहा हजार गेले, दुखणं तिथल्या तिथे. आता तो डिस्ट्रिब्युटर (ती ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणारा) म्हणतोय. मला चावीचाच संशय येतो, पण मी मराठीची शिक्षिका, मला कोण विचारतंय. घरच्या घरी काही तपासता येईल का? आणि भरवशाचा ऑटो वायरमन कोणी सांगेल का?

अंबडचा_मीटरवाला
ताई, डिस्ट्रिब्युटरला तूर्त हात लावू देऊ नका. आधी एवढं सांगा: मुंबई नाक्याला सगळं गेलं तेव्हा हेडलाइट आणि हॉर्न चालू होते का? इंडिकेटर? ब्लोअर?

नाद_गाडीचा
एवढा विचार कशाला? डॅशबोर्डखाली एक खटका आणि एक पुश बटण लावून घ्या. खटका टाकला की करंट, बटण दाबलं की सेल्फ. माझ्या मित्राची गाडी तीन वर्षं तशीच पळतेय.

इंदिरानगरची_८००
मीटरवाले काका, हॉर्न वाजत होता, कारण मी तो दाबूनच धरला होता. संध्याकाळ होती, हेडलाइटही चालू राहिले. इंडिकेटर, वायपर, ब्लोअर, पेट्रोलचा काटा, सगळं मेलेलं.

अंबडचा_मीटरवाला
मग निम्मं निदान तुमच्या हॉर्ननेच केलं. तुमच्या गाडीत हेडलाइट आणि हॉर्न चावीशिवायही चालतात ना? म्हणजे त्यांचा करंट चावीच्या स्विचमधून जात नाही. जे मेलं ते सगळं स्विचमधून जाणारं. बॅटरी किंवा तिची टर्मिनलं सुटली असती तर हेडलाइटही लुकलुकले असते. फक्त कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटर गेला असता तर इंजिन बंद पडलं असतं, पण वायपर का थांबावा? एकाच वेळी एवढे जण गैरहजर असतील तर सगळे कोणत्या दारातून येतात ते बघायचं. ते दार म्हणजे स्विच, त्याचा कपलर (वायरी स्विचला जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट), किंवा स्विचपर्यंत येणारी वायर.

आता सेल्फ मारताना सुरू आणि सोडल्यावर बंद का? स्विचच्या आत तांब्या-पितळेची पत्री सरकते. स्टार्टला ती एका जागी टेकते, ऑनला दुसऱ्या. स्टार्टच्या टप्प्यात सेल्फबरोबर कॉइललाही करंट मिळतो, म्हणून इंजिन पकडतं. हात सोडला की पत्री ऑनच्या जागेवर येते, आणि ती जागा जळून काळी पडली असेल तर कॉइल उपाशी.

तपासणी. साधा मल्टिमीटर आणा, पण नुसता व्होल्टेज बघून फसू नका. इथे भले भले वायरमन चुकतात. जळक्या कॉन्टॅक्टमधूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. नळाला पाणी आहे का हे तोटीवर एक थेंब बघून ठरवण्यासारखं आहे ते. बादली लावल्याशिवाय कळत नाही. म्हणून चावी ऑन, ब्लोअर फुल, वायपर चालू, आणि मग मोजा. मीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी कॉइलच्या प्लसला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गळताहेत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक-दीडच्या वर गेला तर टप्प्याटप्प्याने: बॅटरी ते स्विचची येणारी वायर, मग स्विचची येणारी ते जाणारी, मग तिथून फ्यूजबॉक्स. आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर. आकडा वाचत असताना कोणाला तरी चावी हलकेच वर-खाली हलवायला सांगा.

दोन सूचना. इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कॉइल तापते. आणि वायरच्या रंगांवर विसंबू नका, पंचवीस-सत्तावीस वर्षांत कोणी कोणती वायर कुठे जोडली देव जाणे.

@नाद_गाडीचा, कसाऱ्याच्या घाटात रात्री अडकलात आणि फ्यूज घालून तात्पुरती वायर जोडून घरी आलात, तर मी काही म्हणणार नाही. पण कायमचा खटका, तोही बिनफ्यूजचा, म्हणजे डॅशबोर्डखाली शेकोटीची सोय.

नाद_गाडीचा
मित्राच्या गाडीला फ्यूज आहे की नाही ते विचारून सांगतो.

पंचवटीची_जीप
मीटरवाल्यांना एक पुरवणी. सुरू होऊन हात सोडताच बंद, ही खोड काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या बॅलास्ट रेझिस्टरनेही (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा रोधक) येते. सेल्फच्या वेळी करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट कॉइलला जातो, नंतर रेझिस्टरमधून. तो तुटला की हेच लक्षण. फरक एवढाच की तेव्हा मीटरचे दिवे आणि वायपर चालू राहतात. माझ्या जीपमध्ये हे झालं होतं आणि मी शहाण्याने स्विच बदलून बसलो होतो. ताईंचे वायपर मेले, म्हणजे त्यांचं हे नाही.

अजून एक, किल्ल्यांचा जुडगा केवढा आहे? घराच्या, कपाटाच्या, शाळेच्या किल्ल्या त्यातच लटकत असतील तर आज सोडवा. खड्ड्यात त्या वजनाला झोके बसतात. अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सने स्विचच्या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. चावी धक्क्याने ऑनवरून मागे सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. आपल्या रस्त्यांना तर धक्क्यांची कमी नाहीच.

इंदिरानगरची_८००
जुडग्यात नऊ किल्ल्या निघाल्या. त्यातल्या दोन कशाच्या ते घरात कोणालाच माहीत नाही.

रविवारी मीटर आणला. वडील चावीवर, मी खाली उताणी. बॅटरी १२.६. ब्लोअर-वायपर लावून बॅटरी ते स्विचची येणारी वायर ०.२. स्विचची येणारी ते जाणारी २.४, आणि वडिलांनी चावी हलवली की कधी ०.९, कधी चारच्या पुढे. सापडला का चोर?

अंबडचा_मीटरवाला
सापडला. आता दुकानात गेलात की अख्खा लॉक सेट गळ्यात मारतील. तो नको. चावी जाते ते कुलूप वेगळं आणि त्याच्या मागचा विजेचा स्विच वेगळा. बऱ्याच गाड्यांत मागचा भाग स्क्रू काढून सुटा निघतो, चावी जुनीच राहते. काढण्याआधी बॅटरीची मायनस तार सोडा, दहाचा पाना लागेल. स्विच बाहेर आला की पोटातली खाच स्क्रू ड्रायव्हरने फिरवून तोच आकडा परत बघा. स्क्रू ड्रायव्हरने नीट चालला तर स्विच निर्दोष, कुलपाची शेपटी झिजली आहे. हे बघायचं राहून जातं आणि नवीन स्विचलाही तीच तक्रार येते. मोजण्यापुरती मायनस परत जोडावी लागेल, तेव्हा उघड्या पिनांना पाना टेकू देऊ नका.

वायरमनचं म्हणाल तर नाव इथे टाकत नाही, पण पारख सांगतो. तक्रार ऐकून जो आधी टेस्ट लॅम्प काढतो तो आपला. मीटरपेक्षा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना जोडून केलेला लॅम्प बरा, कारण तो पावणेदोन अँपिअर ओढतो, थापा मारत नाही. जो आधी पार्टचं नाव घेतो त्याला रामराम.

इंदिरानगरची_८००
उशीर झाला लिहायला, पेपर तपासणी होती.

स्क्रू ड्रायव्हरने फिरवूनही आकडा नाचतच होता, म्हणून इथल्या द्वारका सर्कलकडून नुसता मागचा स्विच आणला. आकडा २.४ वरून ०.८. आठवडाभर एका सेल्फमध्ये गाडी सुरू. मी पेढे वाटायच्या बेतात, तर गुरुवारी त्र्यंबक रोडला पावसात पुन्हा सगळं गेलं. रडूच आलं.

मग टेस्ट लॅम्पवाला वायरमन शोधला, तिसऱ्या दुकानात भेटला. पहिल्या दोघांनी बसल्या जागेवरून कॉइल सांगितली. याने स्विच बघितलाच नाही, त्यात जाणारा कपलर उपटला आणि माझ्यापुढे धरला. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा चहाच्या डागासारखा तपकिरी, आणि त्या घरातली पिन ढिली, बोटाने हलत होती. म्हणाला, "ताई, नवरी नवी आणली, पाट जळकाच ठेवला." त्याने पिन कापून नवीन घातली, पक्कडीने दाबली, वायरी पिळून टेप गुंडाळला नाही. सेल्फच्या वायरीला चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) पण बसवला, म्हणजे सेल्फ चालू करणाऱ्या सोलेनॉइडचा भार आता स्विचवर येत नाही. आकडा ०.३. तीन आठवडे झाले, दोनदा सिन्नरला जाऊन आले.

जुना स्विच वडिलांनी उघडून पाहिला. ऑनच्या जागी खड्डा पडलाय, तव्याच्या बुडासारखा काळा. तो त्यांनी औषधाच्या डबीत जपून ठेवलाय, आल्या-गेल्याला दाखवतात.

अंबडचा_मीटरवाला
०.८ वर मी तुम्हाला थांबवायला हवं होतं, धागा बघायचा राहिला. नवीन स्विच टाकूनही एवढं गळतंय म्हणजे कपलरच. माझी चूक.

त्या गॅरेजवाल्याने काढलेली जुनी कॉइल परत दिली का?

इंदिरानगरची_८००
नाही दिली. उद्या शाळा सुटल्यावर मागायला जाते.

पंचवटीची_जीप
मिळाली तर डिकीत ठेवा. चांगलीच असणार.