लाकडी बेसमेंट: घ्यावं की पळ काढावा?

प्रेअरीकर:
अल्बर्टा-सस्कॅचवानमध्ये घर बघणारे आपले लोक जाहिरातीत 'वुड फाउंडेशन', म्हणजे तळघराच्या भिंती लाकडाच्या, असं वाचलं की लगेच पुढच्या घराकडे वळतात. मातीत लाकूड म्हणजे कुजणारच, संपला विषय! अहो, इथे १९६०च्या दशकापासून अशी तळघरं बांधताहेत. कॅनडात त्यासाठी सीएसए एस४०६ हे वेगळं मानक आहे. लाकडात दाबाखाली औषध मुरवलेलं असतं, बाहेरून प्लॅस्टिक, खाली खडीचा थर. पाणी भिंतीला टेकून राहत नाही, खडीतून निघून जातं. उबेचं म्हणाल तर ८ इंची काँक्रीटचं आर-मूल्य (उष्णता अडवायची ताकद) जेमतेम १; २ बाय ६ इंची स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडांच्या) मधे आर-२० चं इन्सुलेशन सहज बसतं. नीट बांधलेलं लाकडी तळघर काँक्रीटपेक्षा कोरडं आणि उबदार, हे माझं मत. बोला आता.

शंकासुर:
सगळी मेख त्या 'नीट बांधलेलं' मध्येच आहे. आपल्या वाड्यांतले सुतार सागवानी खांबसुद्धा मातीत पुरत नव्हते, खाली दगडी तळखडा ठेवायचे. उगीच नाही. इथे साइटवर लाकूड कापलं आणि त्या टोकाला पुन्हा औषध लावायचं राहिलं, की कूज तिथूनच शिरते. वरचा मजला बसायच्या आधी घाईने भराव लोटला तर भिंत आत पोट काढते. काँक्रीट चुका पोटात घालतं, लाकूड नाही.

प्रेअरीकर:
व्हेनिस शेकडो वर्षं लाकडी खुंटांवरच उभं आहे ना?

शंकासुर:
ते खुंट कायम पाण्याखाली, चिखलात. तिथे प्राणवायूच नाही, बुरशी जगणार कशावर? तुमचं तळघर कधी ओलं, कधी कोरडं, वर हवा भरपूर. लाकडातला ओलावा २८-३० टक्क्यांच्या वर टिकला की कुजवणारी बुरशी कामाला लागते. २० च्या खाली असेल तर तिचं काही चालत नाही. व्हेनिसचा दाखला बाद.

उर्मिला_एडमंटन:
तुम्ही दोघं बाहेरच्या पाण्यावरच भांडताय. निम्मा घोळ आतल्या हवेचा असतो.

हिवाळा घ्या. घरात २१ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, साधारण ५ अंशांवर येतो. भिंतीचा जमिनीवर डोकावणारा फूट-दीड फूट पट्टा बाहेरच्या उणे ३० ला उघडा. आतल्या व्हेपर बॅरिअरला (बाष्प अडवणाऱ्या प्लॅस्टिकला) फट असली, समजा विजेच्या बॉक्सभोवती, तर उबदार हवा त्यातून बाहेरच्या बाजूच्या प्लायवुडपर्यंत जाते आणि तिथे बर्फाचा थर धरतो. मार्च-एप्रिलमध्ये तो वितळून पाणी खाली उतरतं, भिंतीच्या तळाची आडवी लाकडी पट्टी भिजते, आणि मालक ओरडतो, "पाया गळतोय!" पाऊस तर पडलेलाच नसतो.

उन्हाळ्यात सगळं उलटं. वरचा पट्टा तापतो, पण खालची माती अजून थंडच. २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १४ च्या आसपास. म्हणजे जूनमध्ये "तळघर जरा वाळू दे" म्हणून खिडक्या उघडल्या की भिंतीच्या तळाशी दव धरायची पुरी सोय झाली. खिडक्या बंद ठेवा, हवेतला ओलावा शोषणारा डिह्युमिडिफायर लावा. (सासूबाईंना हे पटवणं वेगळंच काम!)

शंकासुर:
उर्मिलाताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं. जमिनीखाली बाहेरून प्लॅस्टिक, आतूनही प्लॅस्टिक. मधे ओल शिरली तर वाळणार कुठून?

उर्मिला_एडमंटन:
मुद्दा बरोबर. पण काँक्रीटच्या तळघरातही आत लाकडी स्टड ठोकून फायबरग्लास भरतातच की! शिवाय नवं काँक्रीट स्वतःचंच पाणी वर्ष-दोन वर्षं सोडत राहतं. तिथली बुरशी ड्रायवॉलमागे (आतल्या जिप्सम बोर्डामागे) दडते म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

नवी_गृहिणी:
त्या औषधात आर्सेनिक असतं म्हणे. मुलांची खोली खालीच करायची आहे.

प्रेअरीकर:
सीसीए लाकूड, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध मुरवलेलं. घरगुती वापरातून ते २००३ अखेर बहुतेक ठिकाणी मागे घेतलं, पायासाठी मात्र चालू ठेवलं. ते ड्रायवॉल आणि प्लॅस्टिकच्या मागे असतं. फक्त उघडं लाकूड करवतीने कापू नका, तुकडे जाळू तर अजिबात नका.

शंकासुर:
कर्जाचं कोणी बोलतच नाहीये. काही बँका आणि विमावाले इंजिनिअरचा अहवाल मागतात. उद्या विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही 'वुड फाउंडेशन' वाचून पान उलटणार. फुकट दिलं तरी मी घेणार नाही.

उर्मिला_एडमंटन:
फुकट मिळालं तर मला कळवा! नवी_गृहिणी, बघायला गेलात की आधी बाहेरून फेरी मारा. गटरचं पाणी पायाशी पडतंय का, जमिनीचा उतार घराकडे आहे का. मग आत लांब भिंतीवर दोरी धरून फुगवटा बघा. खालच्या पट्टीजवळ ड्रायवॉलचा छोटा तुकडा कापून मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र) टोचायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर तिथेच रामराम करा.