आठ ओहम धरून काढलेला थ्री-वे क्रॉसओव्हर कुठवर चालवायचा?

बॅफलवाला

परवा इथे एकांनी लिहिलं की थ्री-वे स्पीकरचा क्रॉसओव्हर (आवाज तीन ड्रायव्हरांमध्ये वाटणारं सर्किट) म्हणजे अर्ध्या तासाचं काम: कॅल्क्युलेटरमध्ये ८ ओहम टाका, ३०० आणि ३००० हर्ट्झ टाका, येतील ते कॉइल-कंडेन्सर आणा, बाकी सगळा मोजमापवाल्यांचा बागुलबुवा. खाली कितीतरी जणांनी 'उद्याच करतो' लिहिलंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मी नेमकं हेच केलं होतं. खालच्या सुरांना दहा इंची वूफर, मधल्यांना पाच इंची मिड, वरच्यांना एक इंची डोम. मिडच्या मागे तीन लिटरचा बंद कप्पा. ३०० ला बारा डीबीचं (दर सप्तकाला बारा डेसिबल कापणारं) लिंकविट्झ-रायली या नावाचं फिल्टर, म्हणजे मिडला ३३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि साडेआठ मिलिहेन्रीची कॉइल. वाजवल्यावर बातम्या देणारा माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटायचं. दोष खोक्याचा समजून दोन महिने आत फोम कोंबत बसलो.

शेवटी इंपीडन्स, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणारा ड्रायव्हरचा रोध, मोजला. त्या चिमुकल्या कप्प्यात मिडचा अनुनाद १९० हर्ट्झवर चढला होता आणि तिथे इंपीडन्स ३८ ओहम! ३०० लाही तो वीसच्या घरात. फिल्टर ८ ओहमच्या भरवशावर काढलेला. त्यामुळे जिथे मिड ६ डीबी खाली हवा, तिथेच तो वर चढून बसला होता. शिवाय ३० सेंमी रुंदीच्या बॅफलची (पुढच्या फळीची) पायरी, म्हणजे जिथून खाली आवाज मागेही पसरून पुढे कमी पडतो ती जागा, ३८० हर्ट्झच्या आसपास येते, ती वेगळीच. कॅल्क्युलेटरला ना तुमचा कप्पा माहीत, ना बॅफल.

कसबा पेठ

ती पोस्ट माझी. १९९४ साली मी पहिला थ्री-वे केला तेव्हा माझ्याकडे एक पुस्तकी सूत्र आणि सोल्डरिंग गन होती. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून, सायकलवर. ५०० आणि ४००० ला तोडला. त्यावर वडिलांनी शेवटपर्यंत सकाळची आकाशवाणी ऐकली, आजही तो चालतोय. तुमच्या सल्ल्याने काय होतं सांगू? एकोणीस वर्षांचा पोरगा येतो, त्याला तुम्ही यूएसबी माइक, सॉफ्टवेअर, फेज (लहरींचा मागेपुढेपणा) असं सगळं सांगता, आणि तो आयता ब्लूटूथचा डबा घेऊन मोकळा होतो. आधी वाजू तर द्या त्याला!

मिरजकर

वाजू द्या, पण सरळ तरी वाजू द्या. बारा डीबीचा फिल्टर म्हणजे जोडाच्या जागी दोन ड्रायव्हरमध्ये १८० अंशांचा फरक, म्हणून मिड उलटा जोडावा लागतो. माझ्या भाच्याने असाच कॅल्क्युलेटर वापरून सगळं लालला लाल जोडलं. आमच्या घरात तंबोऱ्याचीच कामं चालतात. ध्वनिमुद्रण लावलं तर तंबोऱ्याची जवारीच गायब! तार छेडल्याचं कळतं, झंकार नाही. दोन्ही जोडांवर खड्डा पडला होता. मिडच्या दोन वायरी उलटवल्या आणि जवारी परत आली. हे ज्या कॅल्क्युलेटरने सांगितलं नाही, त्याला पुरेसा कसं म्हणायचं?

वाइंडिंगवाले काका

साडेआठ मिलिहेन्रीची कॉइल कुणी गुंडाळली ते आधी सांगा. मी तीस वर्षं मोटर रिवाइंडिंग करतोय. हल्ली किलोवर मिळणाऱ्या एनॅमल वायरीत वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम असतं. टोक कापून बघा, पांढरं दिसेल.

कसबा पेठ

काका, स्पीकरला काय फरक पडतो? वीज जाते ना त्यातून?

वाइंडिंगवाले काका

जाते, पण किती? ॲल्युमिनिअमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. हवेच्या गाभ्याची एवढी कॉइल १८ गेज तांब्यात सुमारे एक ओहम भरते, ॲल्युमिनिअमात दीडच्या वर. मला एका दुकानाने असं पाच किलो बंडल शुद्ध तांबं म्हणून विकलं. दोन मोटरी जळून परत आल्या, गिऱ्हाइकाचे बोल मी खाल्ले. 'काय फरक पडतो' हे माझ्यासमोर म्हणू नका.

बॅफलवाला

काकांचं म्हणणं इथेही तंतोतंत लागू आहे. फिल्टरची तेवढीच कॉइल वूफरच्या पुढेही येते. वूफरची स्वतःची कॉइल सहा ओहमची, तिच्या पुढे एक ओहम आला की वूफरचा विद्युत क्यू (विजेने कोन किती आवरला जातो त्याचं माप, जास्त म्हणजे सैल) सहाव्या हिश्शाने वाढतो. दीड आला तर सव्वापट. मग ज्या लिटरचं खोकं काढलं ते चुकलं, आणि बास ढबढबतो.

कसबा पेठ

म्हणजे आता वायरही प्रयोगशाळेत पाठवायची?

वाइंडिंगवाले काका

ब्लेडने खरवडायची. ब्लेड आहे ना घरी? आणि कॉइल फळीवर कशी बसवलीत? मधून लोखंडी स्क्रू घातला असेल तर हेन्री तिथेच वाढले. पितळेचा घाला, किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधा. दोन कॉइल शेजारी असतील तर एक आडवी, एक उभी.

चेंबूरचा

वायरीवरून एवढे भांडताय, पण ३०० हर्ट्झला पॅसिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरनंतर कॉइल-कंडेन्सर लावून, करायचंच कशाला? वूफरला वेगळा ॲम्प्लिफायर द्या आणि तिथे डीएसपी (ॲम्प्लिफायरआधीच सिग्नल आकड्यांत वाटणारी चिप) लावा. किलोभर तांबं वाचतं, मिडच्या ३८ ओहमचा प्रश्नच उरत नाही. लिंकविट्झ यांचा १९७६ चा मूळ निबंधसुद्धा ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायरआधीच्या, क्रॉसओव्हरवरच होता.

बॅफलवाला

खालच्या जोडाला मान्य, आणि हे मान्य करताना मला त्रास होतोय, कारण पॅसिव्हवर माझा जीव आहे. पण माइक लावून मोजायचं तुम्हालाही चुकलेलं नाही. कसबा पेठ, खर्चाचं म्हणाल तर इंपीडन्सला माइक लागतच नाही. १०० ओहमचा एक रेझिस्टर, साउंड कार्डच्या दोन वायरी आणि आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे. एवढं करा आणि मग मला बागुलबुवा म्हणा.

कसबा पेठ

रविवारी केलं, तुम्ही पिच्छाच सोडत नाही म्हणून. माझ्या मिडला मागे अकरा लिटर आहेत, अनुनाद ९२ हर्ट्झला. तोड ५०० ला, म्हणजे दोन सप्तकांहून जास्त वर. तिथे इंपीडन्स साडेसात ओहम. म्हणून माझं सूत्र चाललं. तीन लिटरच्या कप्प्यात, ३०० ला चाललं नसतं, एवढं कबूल. पोस्टमध्ये ३०० लिहायला नको होतं, ते बदललंय. पण नवख्याला पहिल्याच दिवशी फेजचे आलेख दाखवू नका, हे मी अजूनही म्हणतो.

वूफर मात्र ५०० ला ११ ओहम दाखवतोय आणि पुढे चढतच जातोय. त्याचं काय करायचं?

बॅफलवाला

झोबेल, म्हणजे चढता इंपीडन्स सपाट करणारी रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी. तुमच्या वूफरची कॉइल सहा ओहमची असेल तर साडेसात ओहम आणि २७ मायक्रोफॅरडपासून सुरू करा, वूफरला समांतर. मोजायचा जिग (तो रेझिस्टर आणि वायरी) जोडलेलाच ठेवा आणि रेष सपाट होईपर्यंत कंडेन्सर बदला.

वाइंडिंगवाले काका

आणि स्क्रू?

कसबा पेठ

लोखंडीच निघाला. काढतो.